घरी केलेले सुरी पाजवण्याचे जिग : दांडी तिरपी झाली की धारेचा कोन बदलतो का?

हौशी कारागीर

नमस्कार. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या पाजवण्यासाठी घरच्या घरी एक जिग, म्हणजे दगड ठरलेल्या कोनात धरणारा साचा, करायचे ठरवले आहे. रचना नेहमीचीच आहे. प्लायवूडच्या पाटावर आटे असलेला उभा खांब, त्यावर दोन नटांच्या मध्ये रॉड एंड बेअरिंग (कोणत्याही दिशेला कलणारे, भोक असलेले गोल सांध्याचे बेअरिंग), त्याच्या भोकातून मागेपुढे सरकणारी 8 मि.मी.ची गुळगुळीत पोलादी दांडी, दांडीच्या खालच्या अंगाला दगड, आणि सुरीला पाठीकडून धरणारा, अर्धा फेरा फिरवून पात्याची दुसरी बाजू वर आणता येईल असा चिमटा. खांबापासून धारेपर्यंतचे आडवे अंतर 250 मि.मी. आणि धारेपासून बेअरिंगची उंची 76 मि.मी. धरली आहे, म्हणजे एका बाजूचा कोन सुमारे 17 अंश येतो.

अडचण अशी की दगड पात्याच्या टोकाकडे नेताना दांडी तिरपी होते आणि बेअरिंगपासूनचे अंतर वाढते. मधल्या रेषेपासून 130 मि.मी. बाजूला गेल्यावर दांडीचा उतार 15 अंशांवर येतो, असे माझे गणित सांगते. मग बेअरिंगच पात्याला समांतर सरकेल अशी सोय करावी का? काम बरेच वाढेल, शिवाय प्रत्येक जादा सांध्यासोबत थोडा ढिलेपणा येतोच, म्हणून आधी विचारून घेतो.

कानसवाला

आपले गणित बरोबर आहे, पण ते दांडीच्या उताराचे आहे, धारेच्या कोनाचे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत फार जण करतात आणि मग नको तिथे सरकपट्ट्या बसवत राहतात.

दगडाचा पृष्ठभाग हे एक प्रतल आहे. ते प्रतल एकीकडे धारेच्या सरळ रेषेवर टेकलेले असते आणि दुसरीकडे बेअरिंगच्या बिंदूशी बांधलेले असते. एक रेषा आणि तिच्याबाहेरचा एक बिंदू यांमधून एकच प्रतल जाते, त्यामुळे धार जोवर सरळ आहे तोवर दगड कुठेही नेला तरी पात्याशी होणारा त्याचा कोन तोच राहतो. टोकाशी दांडी 15 अंशांत उतरलेली दिसेल, तरी दगड 17 अंशांतच घासत असेल. अट एकच, दगडाला दांडीभोवती थोडे वळता आले पाहिजे. कुणी चौकोनी दांडी चौकोनी भोकात बसवली, तर दगड वळत नाही आणि त्याचा कोपरा धारेत रुतू लागतो. आपली दांडी गोल आहे, ती तशीच ठेवावी. लांबी मात्र थोडी जास्त घ्यावी, कारण त्या 130 मि.मी.वर बेअरिंगपासून धारेपर्यंतचे अंतर 261 वरून 292 मि.मी. होते.

खरा प्रश्न टोकाजवळच्या गोलाईचा आहे. तिथे बेअरिंगच्या पायथ्यापासून त्या जागेच्या स्पर्शरेषेपर्यंतचे लंब अंतर मोजावे लागते, आणि कोन त्यावरच ठरतो. समजा, टोक सरळ धारेच्या रेषेपासून 20 मि.मी. मागे, पाठीकडे, आहे आणि तिथे धार 30 अंशांनी वळली आहे. असे टोक मधल्या रेषेपासून 100 मि.मी.वर आले तर कोन 17 अंशच राहतो, 160 मि.मी.वर गेले तर तो 15 अंशांच्या आसपास उतरतो. म्हणजे सरकवायची ती सुरी, बेअरिंग नव्हे.

अर्धा मिलिमीटर

वरील विवेचनाशी पूर्ण सहमत आहे, परंतु माझ्या मते या जिगचे बरेवाईट चिमट्यात ठरते आणि प्रश्नात त्याला एकच ओळ मिळाली आहे.

स्वयंपाकघरातली बहुतेक पाती पाठीकडून धारेकडे निमुळती होत जातात. पाठीला 2 मि.मी. जाड आणि 40 मि.मी. रुंद असे पाते घेतले, तर त्याच्या दोन बाजूंमध्ये जवळजवळ 3 अंशांचा उतार असतो. चिमट्याचा एक जबडा पक्का आणि एकच हलणारा असेल, तर पाते पक्क्या जबड्याला चिकटून बसते आणि त्याची मधली रेषा दीड अंशाने कलते. चिमटा उलटला की हाच कल दुसऱ्या दिशेला जातो, त्यामुळे एका बाजूला साडेअठरा आणि दुसऱ्या बाजूला साडेपंधरा अंश अशी विषम धार तयार होते. म्हणून दोन्ही जबडे सारखेच उघडणारे करावेत, पुढचा बोल्ट आवळण्यासाठी आणि मागचा तोल सांभाळण्यासाठी ठेवावा, आणि जबड्यांच्या आतल्या बाजूला पातळ चामडे चिकटवावे, म्हणजे निमुळते पाते निसटत नाही.

दुसरी बाब दगडाच्या जाडीची. दांडीखाली 5 मि.मी. जास्त जाड दगड लावला, तर आपल्या मापांत कोन सुमारे एका अंशाने कमी होतो. त्यामुळे 400 नंबरच्या जाड्याभरड्या दगडावरून 1000 नंबरच्या बारीक दगडावर जाताना खांबावरचे नट फिरवून उंची पुन्हा जुळवावी लागते. खांबाला एम10 चे (10 मि.मी. व्यासाचे) नेहमीचे आटे असतील तर एका फेऱ्यात बेअरिंग दीड मि.मी. वर जाते आणि कोन साधारण 0.3 अंशाने वाढतो, इतकी बारीक जुळणी या कामाला पुरते.

हौशी कारागीर

दोघांचेही आभार. सरकपट्टी रद्द केली आणि चिमट्याचे चित्र नव्याने काढतो आहे. आता एकच विचारायचे उरले. सुरीची जागा चिमट्यात नेमकी सापडली हे ओळखावे कसे? कोन दाखवणारी लहान डिजिटल डबी आहे, पण टोकाशी ती दांडीवर ठेवली तर वर ठरले तेच होणार, ती दांडीचा उतार दाखवणार.

कानसवाला

डबीचा उपयोग मध्यभागी, दगड धारेशी काटकोनात असतानाच करावा. टोकासाठी मार्कर पुरतो. धारेचा उतार, म्हणजे धारेलगतची घासलेली तिरपी पट्टी, मूठ ते टोक शाईने रंगवावा आणि सर्वांत बारीक दगड हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून भिंगातून पाहावे. टोकाशी शाई फक्त धारेच्या काठाला पुसली असेल तर तिथे कोन जुन्यापेक्षा मोठा पडतो आहे, म्हणून टोक मधल्या रेषेपासून थोडे दूर सरकवावे. फक्त वरच्या खांद्यावर, म्हणजे उतार पात्याला मिळतो त्या कडेला, पुसली असेल तर कोन लहान पडतो आहे, म्हणून टोक मधल्या रेषेकडे आणावे. जागा मिळाली की पात्याच्या पाठीवर चिमट्याच्या कडेशी बारीक खूण करून ठेवावी. सुरी आधी हाताने वाकडीतिकडी पाजवलेली असेल तर ही शाई सुरुवातीला फसवते, तेव्हा आधी 400 नंबरच्या दगडावर उतार सर्वत्र सारखा करून घ्यावा आणि मग रंगवावे.