प्रतिसाद: तिघातिघांचे गट पाडा

नोकरीच्या मुलाखतीचा सराव करायला ठाण्यात नऊजण जमतात, पण सरावाच्या नावाखाली शेवटी गप्पाच होतात, अशी एकाची तक्रार वाचली. होणारच! एकाला आठजण सल्ले द्यायला लागले की तो तोंडच उघडत नाही. तिघातिघांत बसा: एक उमेदवार, एक प्रश्न विचारणारा, तिसरा फक्त टिपणं काढणारा. पंधरा मिनिटं मुलाखत, पाच मिनिटं अभिप्राय, मग अदलाबदल. तासाभरात तिघांचंही आटोपतं.

टिपणाऱ्याने ‘छान बोललास’ लिहू नये, काही उपयोग नाही. ‘आम्ही केलं असं चारदा म्हणालास, तू काय केलंस ते कळलं नाही’ असं लिहावं. ही चूक सर्रास होते.

विचारणाऱ्याकडे त्या जागेची जाहिरात हवीच, नाहीतर प्रश्न पुस्तकी होतात. नोकरीतल्या खंडाचं कारण एका वाक्यात सांगून लगेच सध्या काय शिकताय त्यावर या. खुलासा लांबला की समोरचा तिथंच खोदतो. पगाराचा आकडा मोठ्याने बोलून बघा, तिथंच बहुतेकांची जीभ अडखळते. आणि सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे हातात येणारा पगार नव्हे, कंपनीचा पीएफचा वाटाही त्यातच धरतात.

नवी मुंबईतल्या ऐरोली-महापेकडच्या जागांसाठी ‘शिफ्ट जमेल का, येणार कसे?’ हाही प्रश्न घ्या. नुसतं ‘जमेल’ नको. ट्रान्स-हार्बरची (ठाणे-नवी मुंबई लोकलची) शेवटची गाडी आधी बघून ठेवा.