जुनी गाडी पाण्यात बुडालेली निघाली, डीलर परत घेत नाही – मदत हवी आहे (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे नुसती वाचते. आज लिहितेय, कारण गेले दोन आठवडे घरात दुसरा विषय नाही आणि कोणाला विचारावं ते सुचत नाही.

मी ऐरोलीला राहते, नोकरी महाप्याला. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना ठाण्याला दाखवायला न्यावं लागतं. रिक्षात पाय दुमडून बसवत नाही. म्हणून अक्षय्य तृतीयेला घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडून सेकंडहँड गाडी घेतली. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच ४६ पासिंग, मीटरवर ४८ हजार किलोमीटर. सौदा ४ लाख ६५ हजारांचा. त्यात ३ लाख पतपेढीचं कर्ज, सव्वा लाख बाबांच्या फंडातले आणि ४० हजार आधी टोकन म्हणून रोख दिलेले. त्या ४० हजारांची पावती मागितली होती, "फायनल बिलात धरतो" म्हणाले. ती चूक माझीच.

पहिल्याच आठवड्यात एअरबॅगचा दिवा लागला. फोन केला तर "सेन्सर आहे मॅडम, सर्व्हिसिंगला जाईल". मग डावीकडची काच अर्ध्यात अडकायला लागली. एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा कुबट वास यायचा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बाबांना घेऊन ठाण्याहून येताना ऐरोली पुलावर गाडी बंद पडली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. मागे ट्रकची रांग, बाबांना उतरता येत नाही, आणि पार्किंगचे दिवेसुद्धा लागेनात. टोइंगवाला यायला तास लागला. तेवढा वेळ बाबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते मागच्या काचेतून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हर सीटचा बेल्ट धरला आणि ओढत राहिले. आपण लावतो तेवढा नाही, रीळ संपेपर्यंत. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती आणि तिथून पुढचा पट्टा कडक झालेला, वाळलेल्या पोतेऱ्यासारखा. "इथवर पाणी होतं," एवढंच ते म्हणाले. मग कार्पेट उचललं. वरचं नवंकोरं, खालचा स्पंज बोटाने दाबला की माती लागत होती. सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजून तांबूस. मागे स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक गाळ वाळून भेगाळलेला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर दिला. तिथल्या मुलाने स्क्रीन बघून तोंडी सांगितलं की दोन पावसाळ्यांपूर्वी ही गाडी टो करून आणली होती, पाणी शिरलं म्हणून. एस्टिमेट काढलं, काम न करताच मालक घेऊन गेला. प्रिंट मात्र देत नाहीत, कारण रेकॉर्ड आधीच्या मालकाच्या नावावर आहे.

डीलरकडे तीनदा गेले. पहिल्यांदा म्हणाला, विटाव्याच्या पुलाखालून पाण्यातून नेली असेल तुम्हीच. (मी त्या रस्त्याने गेलेच नाही.) दुसऱ्यांदा म्हणाला, आम्ही फक्त मधले, व्यवहार तुमचा आणि मालकाचा. तिसऱ्यांदा त्याने मी सही केलेला डिलिव्हरीचा कागद पुढे केला: "वाहन जसे आहे तसे तपासून ताब्यात घेतले, नंतर कोणतीही तक्रार चालणार नाही." शेवटी म्हणतो, वायरिंगचा ६० हजार खर्च आहे, अर्धा आम्ही देतो, विषय संपवा.

मला दुरुस्ती नको आहे. जी गाडी पुलावर अशी मेली तिच्यात मी बाबांना परत बसवणार नाही. मला गाडी परत द्यायची आहे आणि पैसे हवे आहेत. त्या सहीमुळे माझा हक्क गेला का? अर्ध्या खर्चाला हो म्हटलं तर पुढे काही बोलता येईल का? सव्वाचार लाख डीलरच्या फर्मच्या खात्यावर गेलेत, त्याच्या लेटरहेडवरचं बिल आहे, पण आरसी बुक अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे.

कळव्याचा गॅरेजवाला:

ताई, पहिलं काम म्हणजे गाडी चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि कोणी कितीही सांगितलं तरी आतून धुऊ नका, तो गाळ हाच तुमचा साक्षीदार आहे.

विटाव्याच्या पाण्याचं म्हणाल तर ते टिकणार नाही. ताज्या पाण्यातून गेलेली गाडी आतून ओली असते, कार्पेट पिळलं तर पाणी निघतं. वाळून भेगा पडलेला गाळ, बोल्टच्या आट्यांत खोल गेलेला गंज, वायरिंगच्या सॉकेटमध्ये हिरवी पूड, हे तीन आठवड्यांत होत नाही. शिवाय जुन्या गाळावर नवं कार्पेट हे कोणीतरी मुद्दाम घातल्याशिवाय येत नाही. फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून फोटो काढा आणि एअरबॅगचं मॉड्यूल कुठे बसवलंय ते गॅरेजवाल्यांना दाखवायला सांगा. ते बऱ्याच गाड्यांत गिअरच्या खाली जमिनीलगत असतं, पाणी आधी तिथे पोचतं. दिवा त्यामुळेच लागला असणार.

माझ्यासारख्या गॅरेजवाल्याच्या चिठ्ठीपेक्षा विम्याच्या कामाचा परवाना असलेल्या सर्व्हेअरकडून लेखी रिपोर्ट घ्या. फी पडेल, पण त्याच्या सहीला वजन असतं.

कोपरीकर:

मी वकील नाही, पण एका घरगुती उपकरणासाठी ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः उभा राहून निकाल घेतला आहे. वकील लावायची सक्ती नसते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात वापरलेल्या वस्तू वगळलेल्या नाहीत. धंदा म्हणून गाड्या विकणाऱ्याकडून स्वतःच्या वापरासाठी घेतली म्हणजे तुम्ही ग्राहक. शेजाऱ्याकडून घेतली असती तर गोष्ट वेगळी होती. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं हे कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा म्हणून सांगितलंय. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर त्यासाठी तीस दिवस धरलेत. बिल किंवा पावती न देणंही त्याच कलमात येतं, म्हणजे तुमचे ४० हजार हवेत गेले असं समजू नका. त्या दिवशी बँकेतून काढले असतील तर पासबुकाची नोंद आणि टोकनबद्दलचे मेसेज जपा.

आता सहीबद्दल. "जसे आहे तसे" याचा अर्थ बघून कळलं असतं ते मी स्वीकारलं. बंपरवरचा ओरखडा, झिजलेले टायर यात येतात. मुद्दाम झाकलेलं यात येत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणं ही फसवणूक म्हटली आहे आणि कलम १९ प्रमाणे असा करार फसवला गेलेला माणूस रद्द करू शकतो. नुसतं गप्प राहणं असतं तर डीलर म्हणाला असता की तुम्ही मेकॅनिक आणून बघायचं होतं. पण गाळावर नवं कार्पेट घालणं म्हणजे गप्प राहणं नव्हे. म्हणून वर गॅरेजवाले दादा म्हणाले ते फोटो सोन्यासारखे आहेत.

याचीच दुसरी बाजू अशी की कळल्यानंतरही गाडी वापरत राहिलात किंवा "विषय संपला" असं लिहून अर्धे पैसे घेतलेत, तर सौदा मान्य केला असा अर्थ निघू शकतो. वस्तू विक्री कायद्यातही वाजवी मुदतीत नाकारलं नाही तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणून याच आठवड्यात लेखी कळवा: गाडी नाकारत आहे, अमुक ठिकाणी उभी आहे, घेऊन जा, ४ लाख ६५ हजार परत करा. स्पीड पोस्टने पाठवा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही. तीस हजारांच्या ऑफरचा मेसेज असेल तर पुसू नका, त्याने दोष मानल्याची ती खूण आहे.

"आम्ही फक्त मधले" हे उत्तर तर मला सगळ्यात लागलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर पोर्टलवर द्यायची आणि त्यानंतर डीलर हाच गाडीचा मानीव मालक, म्हणजे कायदा त्यालाच मालक धरतो. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, या गाडीचा २९सी भरला होता का, हे नोटिशीतच विचारा. भरला नसेल तर उत्तर त्यालाच द्यायचंय. आणि त्याच्या खात्यावर पैसे, त्याच्या लेटरहेडवर बिल असताना मधला कसला?

नोटिशीला पंधरा दिवस द्या. मधल्या काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथून डीलरला विचारणा होऊ शकते. नाही ऐकलं तर जिल्हा आयोग. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य आहे, म्हणजे तुम्हाला काहीच भरावं लागणार नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ऐरोली ठाणे जिल्ह्यातच आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. गाडीची तांत्रिक तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, पण मनाची तयारी जास्त काळाची ठेवा. मुंबई ग्राहक पंचायतीत तक्रारीचा मसुदा तपासून घेता आला तर बरं.

कर्जाचे हप्ते थांबवू नका, त्याचा राग पतपेढीवर काढून उपयोग नाही. व्याजाची रक्कम नुकसानभरपाईत मागा.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, मग पैसे अगदीच बुडाले नाहीत तर. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा नीट जेवले.

फोटो काढले. फ्यूज बॉक्समध्ये हिरवी पूड आहेच. बॅटरी काढली. नोटिशीचा कच्चा मसुदा केलाय.

एक नवीन गोष्ट घडली. आरसीवरच्या पत्त्यावरून पनवेलच्या जुन्या मालकांचा शोध लागला. मला वाटलं होतं ते फोन आपटतील. उलट तेच घाबरले, "गाडी अजून माझ्याच नावावर आहे?" असं तीनदा विचारलं. त्यांनी दीड वर्षापूर्वी ती डीलरला दिली होती, पाण्यात गेलेली आहे हे सांगूनच, आणि म्हणून फार कमी भावात. सह्या केलेले ट्रान्स्फरचे फॉर्म डीलरकडे ठेवले होते. तोंडी सगळं कबूल करतात, पण लिहून द्यायला बिचकतात. रविवारी वाशीला भेटायला तयार आहेत. त्यांच्याकडून नेमकं काय लिहून घेऊ? प्रतिज्ञापत्रच लागेल का?

कोपरीकर:

ही फार मोठी गोष्ट हाताला लागली, ताई. त्यांना घाबरवू नका, पण खरं ते सांगा. आरसीवर ज्याचं नाव तो मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईबद्दल म्हटलंय. मधल्या दीड वर्षात या गाडीने कोणाला ठोकलं असतं तर नोटीस पनवेलला गेली असती. गाडी डीलरला कधी दिली हे कागदावर येण्यात त्यांचंही हित आहे.

रविवारी साधं सहीचं पत्र पुरे: गाडी कोणत्या तारखेला डीलरला दिली, किती रुपयांना, आणि पाण्यात गेल्याचं त्याला सांगितलं होतं. डिलिव्हरी नोट किंवा पैसे आल्याची बँकेतली नोंद मिळाली तर तिचा फोटो घ्या. आयोगात पुरावा प्रतिज्ञापत्रावरच होतो, ते तक्रार दाखल झाल्यावर करू. आणि सर्व्हिस सेंटरची प्रिंट त्यांना स्वतः मागता येईल, रेकॉर्ड त्यांचंच आहे. त्यांनी नाही मागितली तरी आयोगाला ती मागवता येते.

धागाकर्ती:

प्रिंटचं डोक्यातच आलं नव्हतं. आत्ता मेसेज केला, ते सोमवारी सर्व्हिस सेंटरला येतो म्हणाले. नोटीस त्याआधी, उद्याच टाकते. ठाणे-ऐरोली भागात गाडी जागेवर येऊन बघणारा परवानाधारक सर्व्हेअर कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा. गाडी सोसायटीत ताडपत्रीखाली उभी आहे, पाऊस वाढायच्या आत रिपोर्ट व्हायला हवा.