विषय: हजेरीपटातले ७ ज्येष्ठ. मी १९ तारखेपर्यंतच ठाण्यात आहे

मिलिंद (सध्या पाचपाखाडी):

मंडळी, अमेरिकेत आपलं मंडळ ज्येष्ठांना शनिवारी जेवण देतं, त्याचं तिसऱ्या तिमाहीचं बिल तिथल्या शहराच्या प्रशासनाने परत पाठवलंय. पटावर ७ जणांपुढे वय आणि पत्ता कोरा आहे. सातही जण इकडे परत आलेत: चौघे ठाण्यात, एक ऐरोलीत, दोघं वाशीला. पटाच्या प्रती सोबत आहेत, घरोघरी जाऊन रकाने भरून घेतो. ज्यांचे आईबाबा त्यात आहेत त्यांनी फोन नंबर मला वेगळ्या मेलवर द्या, इथे नको. केटररचे पैसे आपण देऊन बसलोय. ६,८०० डॉलर अडकलेत आणि हॉलचा ॲडव्हान्स महिनाअखेरीला आहे.

शुभदा:

उत्पन्नाचे फॉर्म मागितलेत का? मागितले नसतील तर आपण होऊन देऊ नकोस. मागच्या वर्षीचा अर्ज मी भरला होता. सी.डी.बी.जी.च्या (शहराला केंद्र सरकारकडून मिळणारं, आपले पैसे ज्यातून येतात ते अनुदान) नियमांत ६२च्या पुढच्यांचा गट मुळात अल्प-मध्यम उत्पन्नाचाच धरतात, त्यामुळे कमाईचे कागद लागत नाहीत. पण म्हणूनच वय लागतं, सगळी मान्यता त्याच्यावर उभी आहे. करारात ४० माणसं लिहिलीत. एक जण दहा वेळा जेवला तरी मोजायचा एकदाच. आपले ४३ होते, सात गेले की ३६.

संजय:

मग ३६ कळवा. व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेली माणसं त्या शहराची रहिवासी कशी? माझ्या सासूबाई त्या सातांत आहेत म्हणून बोलतोय. त्यांचं घर कोपरीला, रेशनकार्ड कोपरीचं. पैसे कापले तर कापू देत.

शुभदा:

संजय, करारात "शहरात राहणारे" असं आहे आणि त्या सहा महिने तुझ्याच घरी राहत होत्या. हे तू किंवा मी ठरवायचं नाही, शहराच्या कम्युनिटी डेव्हलपमेंट ऑफिसने ठरवायचं. सोमवारी मी लेखी विचारते. अर्ज माझ्या सहीने गेलाय, तेव्हा तिकडे दुसऱ्या कुणी मेल करू नये, प्लीज. त्या ऑफिसातल्या दोन बायका आधीच कामात बुडालेल्या आहेत. वर्ष संपायच्या ६० दिवस आधी वार्षिक अनुदानाच्या दीडपटीहून जास्त रक्कम शहराकडे पडून राहिली तर वॉशिंग्टनहून विचारणा होते, त्यामुळे पैसे वाटायची घाई त्यांनाही असते.

अनंतकाका (बेलापूर):

चि. मिलिंद, नोकरीची ३१ वर्षं मी महापालिकेच्या लेखा विभागात काढली, म्हणून आधी हे वाच आणि मग घराबाहेर पड. जुन्या पटावर आज एक अक्षरही लिहायचं नाही. फेब्रुवारीच्या कागदावर आजची शाई दिसली की ऑडिटर बाकीच्या ३६ सह्यांवरही संशय घेतो, आणि त्याचं चुकत नाही. कोरे रकाने कोरेच राहू देत. प्रत्येकाकडून वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून स्वयंघोषणापत्र घे: जन्मतारीख, कुठल्या काळात कुठल्या पत्त्यावर मुक्काम होता, कुठल्या शनिवारी जेवायला होते. आठवत नसेल ती तारीख लिहू नये. जन्मतारखेसाठी पासपोर्टची झेरॉक्स, नंबर झाकून.

आमच्याकडे बागेत एक बाक बसवायचा तरी आधी लेखाशीर्षात तरतूद, मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यादेश, आणि देयक सर्वांत शेवटी. लोक म्हणायचे नगरसेवक निधी नगरसेवकाच्या खिशात जातो. तो पैसा त्याच्या हातात येतच नाही, तो फक्त काम सुचवतो. तुमचं शहरही खर्च झाल्यावर, कागद बघूनच देतं आहे. पद्धत चांगली आहे, तिला धक्का लावू नका.

अपर्णा:

काकांनी विषय काढलाच आहे तर सांगते. आपल्याला मिळतात ते फार थोडे, असं दर बैठकीत ऐकते. सी.डी.बी.जी.तून सेवांवर साधारण १५ टक्क्यांच्या वर खर्च करताच येत नाही. जेवण, शिकवणी, व्हॅन, बेघरांचा निवारा, सगळे त्याच १५ टक्क्यांत. उरलेलं घरदुरुस्ती, फुटपाथ असल्या कामांना आणि ऑफिस चालवायला. मागच्या जाहीर सुनावणीला मी होते. एक आजी छपराच्या दुरुस्तीसाठी पैसे मागायला उभी राहिली, त्यानंतर आपल्या भजीपावाची बाजू मांडायला मला शब्द सुचेनात.

आमची वागळे इस्टेटमधली बिल्डिंग धोकादायकच्या यादीत आहे, सी-२ मध्ये, म्हणजे दुरुस्ती लागणाऱ्यांत. आई दर जूनला नोटीस येते का बघते. शिळफाट्याला लकी कंपाऊंड पडलं २०१३ला, ७४ माणसं गेली, तेव्हा कुठे ठाण्यात क्लस्टरला, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाला, जोर आला. घरावर आधी खर्च व्हायला हवा, मला तरी यात दुसरं मत नाही.

हेमंत (वाशी):

अपर्णाताई, ठाण्याचं नवी मुंबईला लावू नका. इथे घरं बांधली सिडकोने आणि महापालिका आली १९९२ला, तोवर आम्ही वाशीत कधीचे राहत होतो. घर गळलं की सिडको म्हणायची महापालिकेकडे जा, महापालिका म्हणायची सोसायटीचं काम आहे. वडिलांनी प्लास्टर स्वखर्चाने केलं, दोनदा.

अपर्णा:

ठाण्यातही स्वखर्चानेच करतात, हेमंत.

मिलिंद:

काका, पाया पडतो. पट बॅगेत ठेवून दिला. स्वयंघोषणापत्राचा मसुदा मराठी-इंग्रजी दोन्हीत केलाय, शुभदाने एकदा नजर घालावी. ऑफिसचं उत्तर येईपर्यंत कागद माझ्याकडेच राहतील. ते नाही म्हणाले तर ३६ कळवू, संजयचं म्हणणं मला पटतं. रविवारी १० वाजता तलावपाळीवर भेटू, ज्यांना जिना उतरणं जड जातं त्यांच्या घरी मी जाईन. वाशी-ऐरोली मंगळवारी, ट्रान्सहार्बरने.

संजय:

सासूबाईंचा नंबर पाठवलाय. दुपारी १ ते ४ झोपतात. ११ला जा, आणि चष्मा घालून मगच सही करायला सांग.