मदत हवी आहे: मुलं मावशींच्या पोटाबद्दल विचारतात, तेव्हा काय म्हणावं?

पाटीपेन्सिल:
अंगणवाडीतली 3 ते 6 वर्षांची मुलं मदतनीस मावशींना विचारतात, ‘मावशी, तुमचं पोट एवढं मोठं का? बाळ आहे त्यात?’ ताई ‘शू! असं बोलू नये’ म्हणतात. मावशी हसतात, पण त्यांचा चेहरा उतरतो. मुलाला न रागावता आणि मावशींचा मान राखून काय म्हणावं? नेमके शब्द सुचवा, ऐन वेळी तेच सापडत नाहीत.

चिंचोका:
‘शू’ नको. या वयात मुलं लहान-मोठं, उंच-बुटकं ओळखायला शिकत असतात; त्यांनी दिसलं ते सांगितलं. गप्प केलं की मोठं पोट ही लाजेची गोष्ट, एवढंच मनात राहतं. ‘छे, मावशी कुठे जाड आहेत?’ हेही नको. डोळ्यांनी दिसलेलं आपण नाकारतो म्हणजे जाड असणं वाईटच असणार, असा अर्थ मूल लावतं.

मुलासमोर खाली बसा आणि नेहमीच्याच आवाजात सांगा: ‘हो, मावशींचं पोट मोठं आहे. माणसं जाड, बारीक, उंच, बुटकी अशी सगळी असतात.’ बाळाचं विचारलं तर ‘नाही, बाळ नाहीये.’ बस, पुढे खेळाकडे वळा. ‘जास्त खाल्लं की असं होतं’ हे मात्र चुकूनही म्हणू नका. अंगकाठी आनुवंशिकता, आजार, औषधं, बाळंतपण अशा कितीतरी गोष्टींवर ठरते, आणि ते वाक्य ऐकून एखादं मूल ताटातल्या खिचडीलाच घाबरतं.

सागरगोटा:
त्याआधी मावशींना एकटं गाठून विचारा, उत्तर त्या देणार की ताई? विषयच नको असेल तर ‘मावशींना यावर बोलायला आवडत नाही’ एवढं सांगितलेलं मुलं ऐकतात. सगळ्यांसमोर ‘सॉरी म्हण’ नको. मूल रडतं आणि मावशी आणखी अवघडतात. नंतर मुलाला बाजूला घेऊन दोन मिनिटं बोला: ‘कुणाच्या अंगाबद्दल विचारायचं असेल तर माझ्या कानात विचार.’ हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, चार वर्षांचं मूल एकदा सांगून लक्षात ठेवत नाही.

‘ढोल्या’, ‘सुकडी’ हे चिडवणं वेगळं. तिथे ठामपणे ‘थांब. नावानेच हाक मार’, आणि आधी ज्याला चिडवलं त्याच्याजवळ जाऊन बसा.

पाटीपेन्सिल:
आभार. वजनाच्या दिवशी चिडवाचिडवी फार होते. तिथे काय करावं?

चिंचोका:
काट्यापाशी एका वेळी एकच मूल, बाकीची गाण्यात किंवा खेळात. आकडा पुकारू नका, थेट नोंदवा आणि पालकांना बाजूला सांगा. ‘बघ, ती कशी बाळसेदार, तू नुसती काडी’ अशी तुलना तर नकोच.

आणखी एक. दारात मोठी माणसं एकमेकींना ‘सुटलीस की गं!’, ‘किती वाळलीस!’ म्हणतात, ते मुलं तिथूनच उचलतात. पालकसभेत हा विषय जरूर काढा. ‘बऱ्याच दिवसांनी दिसलीस, कशी आहेस?’ म्हटलं तरी पुरतं.