मदत हवी आहे: साडेचार वर्षांच्या नातीचे बदललेले वागणे आणि घरातील ताण

सर्वांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात राहणारा सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. तेहतीस वर्षे पहिली-दुसरीच्या मुलांमध्ये गेली, त्यामुळे लहान मुलांचे रुसणे-रडणे मला नवे नाही. तरीही गेल्या चार महिन्यांत माझ्या स्वतःच्या नातीच्या वागण्यात जो बदल झाला आहे, त्यापुढे माझा अनुभव उपयोगी पडत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. मजकूर लांबेल, पण काही गाळले तर सल्ला देणाऱ्यांची अडचण होईल.

आधी घराची स्थिती सांगतो. माझा मुलगा चाकणला कंत्राटी कामगार होता. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, काम सुटले आणि मे महिन्यात तो बायको-मुलीसह गावी परतला. तेव्हा खरेदी रखडल्यामुळे मागच्या हंगामाचा कापूस घरातच पडून होता. पुढच्या खोलीतल्या त्या गंजीवर नात दिवसभर उड्या मारायची आणि आम्ही मोठी माणसे त्याच गंजीकडे पाहत पीककर्जाचा हिशोब करायचो. पुढे सूनबाईने घेतलेल्या कर्जाचे हप्तेही थकले. यंदा, एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझी पत्नी गेली. तिला रुग्णालयात नेले, ते शेवटचे. नातीने आजीला पुन्हा पाहिले नाही. "आजी गावाला गेली," असे आम्ही तिला सांगितले.

नात आजीच्या कुशीत झोपायची. तिसरे वर्ष लागल्यापासून तिने कधी अंथरूण ओले केले नव्हते. आता आठवड्यातून चार-पाच वेळा होते. स्पष्ट बोलणारी मुलगी पहिल्याच अक्षरावर अडखळते. आतेभावाला दोनदा चावली. हप्तेवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज ओळखून ती धान्याच्या कोठीमागे जाऊन बसते, आणि वडील आर्णीला बाजारासाठी निघाले की त्यांच्या पायाला मिठी मारून आक्रोश करते. अंगणवाडी मार्च 2020 पासून बंद आहे. कोरडा शिधा घरपोच येतो, पण सोबतीची मुले काही घरपोच येत नाहीत. मागच्या आठवड्यात तिने मला विचारले, "मी खोकलली म्हणून आजी गेली काय, आबाजी?" एप्रिलमध्ये घरात सर्वांत आधी सर्दी तिला झाली होती, हे तिच्या लक्षात राहिले आहे.

मुलाबद्दल लिहिणे मला जड जाते. तो मनाने वाईट नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओसरीत बसून असतो, दिवसा कोणाशी बोलत नाही आणि बोललाच तर ओरडतो. अंथरूण ओले केल्याबद्दल त्याने मुलीला दोनदा मारले. नवरा-बायकोचे भांडण दार लावून होते, पण आमच्या दोन खोल्यांच्या कौलारू घरात लावलेल्या दाराला काही अर्थ नसतो. मुलगी डोळे मिटून जागी असते, हे मी पाहिले आहे.

जुनी सवय म्हणून मी वहीत नोंद ठेवतो. जुलैपासून मुलाने तिला सहा वेळा बैलबंडीत बसवून शेतात नेले, आणि त्यांपैकी पाच रात्री अंथरूण कोरडे राहिले. यावरून निष्कर्ष काढण्याइतका मी जाणकार नाही.

हा आजार समजावा की घराचा भार लेकराच्या अंगावर उमटला आहे असे समजावे? आजीबद्दलचे खोटे आता, इतक्या उशिरा, दुरुस्त करावे का? आणि मुलाशी कसे बोलावे? आमच्या जिल्ह्यात कर्जाखाली दबलेल्या तरुण शेतकऱ्याला "तुझ्यामुळे लेकरू असे झाले" हे वाक्य ऐकवायला बापाचीही जीभ धजत नाही. यापेक्षा अधिक स्पष्ट लिहवत नाही.

प्रतिसाद (वर्ध्याहून, बालविकासाची अध्यापिका)

आदरणीय गुरुजी, नमस्कार.

प्रथम तिची लघवी तपासून घ्या. सुटलेली सवय पुन्हा लागते तेव्हा मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा साखर नाही ना, हे पाहणे आवश्यक असते. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. तपासणीत काही निघाले नाही, तर आपण वर्णिलेली सर्व लक्षणे या वयाच्या मुलांमध्ये ताणामुळे दिसू शकतात, हे ध्यानात ठेवा.

अमेरिकेतील आयोवा राज्यात 1980 च्या दशकात शेती अशीच कर्जात बुडाली होती. तेथील ग्रामीण कुटुंबांचा रँड काँगर आणि ग्लेन एल्डर यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि पैशाची ओढाताण मुलांपर्यंत मुख्यतः आई-वडिलांच्या खचलेल्या मनातून, त्यांच्या भांडणांतून आणि करड्या वागणुकीतून पोहोचते, असे त्यांना दिसले. या महामारीतही ओरेगॉन विद्यापीठातील फिलिप फिशर यांच्या गटाने एप्रिल 2020 पासून लहान मुलांच्या घरांची पाहणी केली, तेव्हा हीच साखळी आढळली: आधी गरजांची टंचाई, मग पालकांची घालमेल, मग मुलांची. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. साखळी मधल्या कडीतही सैल करता येते. आपल्या वहीतील पाच रात्री कदाचित तेच सांगत आहेत.

म्हणून मुलाला दोष देणारे वाक्य बोलूच नका, ती वही त्याच्या हातात द्या. त्याच्याबद्दल मात्र मला अधिक काळजी वाटते. जगणे नकोसे वाटते का, हे त्याला शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तसा विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. फवारणीची औषधे आजच घरातून हलवून कुलुपात ठेवा, आणि मुलीला दाखवायला न्याल त्याच दिवशी त्यालाही मानसोपचार विभागात न्या.

आजीबद्दल खरे सांगा. "गावाला गेली" म्हटल्यामुळे गावाला जाणारा प्रत्येक माणूस तिच्या लेखी परत न येणारा झाला आहे. आजीचे शरीर फार आजारी पडले, ते बंद झाले, ती परत येणार नाही, आणि हे तुझ्या खोकल्यामुळे झाले नाही, असे लहान वाक्यांत सांगा. या वयात घडलेल्या गोष्टीला आपणच कारण आहोत असे मूल समजते, त्यामुळे शेवटचे वाक्य अनेकदा सांगावे लागेल.

प्रतिसाद (अंगणवाडी सेविका, बुलढाणा जिल्हा)

गुरुजी, शिधा वाटताना मी घरोघरी जाते आणि अशी मुले मला रोज भेटतात. ती अडखळली तर शब्द पूर्ण करून देऊ नका आणि "हळू बोल" असेही म्हणू नका. तिचे बोलणे संपेपर्यंत तिच्याकडे पाहत थांबा. हप्तेवाला येण्याच्या दिवशी आईने आधीच सांगावे की तो माणूस पैशासाठी येतो, कोणाला न्यायला येत नाही. रात्री आजीच्या जागी एकच माणूस रोज झोपू द्या, माणसे बदलू नका.

धागाकर्ता

दोघींचा ऋणी आहे. तपासणीत संसर्ग किंवा साखर निघाली नाही. औषधांचे डबे शेतातील खोलीत कुलुपात ठेवले आहेत. मुलाने वही वाचली, काही बोलला नाही, परंतु त्यानंतर चार दिवस सलग मुलीला बंडीत घेऊन गेला, आणि यवतमाळला माझ्यासोबत डॉक्टरांपुढे बसला. तेथे तो रडला. सोळा-सतरा वर्षांत मी त्याला रडताना पाहिले नव्हते.

नातीला मी खरे सांगितले. तिने दोनदा विचारले, "माह्यामुळं नाही ना?" मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. त्या रात्री अंथरूण ओले झाले, नंतरच्या दोन रात्री झाले नाही.

आता एक शंका उरली आहे. तान्हा पोळा आठ-दहा दिवसांवर आला आहे आणि तिला तिचा लाकडी बैल हवा आहे. तो ज्या पेटीत आहे, त्याच पेटीत आजीचा फोटो आम्ही तिच्या नजरेस पडू नये म्हणून ठेवला होता. पेटी तिच्यासमोर उघडावी आणि फोटो तिच्याच हातात द्यावा, की आधी भिंतीवर लावून मग तिला दाखवावा?