फोटो क्लाउडवर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका

जुनाअल्बम

कुणालाही विचारा, फोटोंचा बॅकअप घेतलाय का, उत्तर ठरलेलं. हो, आपोआप जातात ना क्लाउडवर. मला हे ऐकलं की काळजीच वाटते. जे आपोआप होतंय ते सिंक आहे, आणि सिंकचं काम एवढंच की इकडे जे झालं ते तिकडे पण झालं पाहिजे. फोनवरून फोटो डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो. आयक्लाउडवर तो साधारण ३० दिवस पडून राहतो, गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये ६० दिवस, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक, नाहीतर संपलं. लहान मुलाने फोन हातात घेऊन काय काय दाबलं ते ६० दिवसांत कळेलच असं नाही.

पण हे तरी आपल्या हातून होतं. खरी भीती वेगळीच आहे, फोटो आपले पण कुलूप दुसऱ्याचं. गूगल फोटोज २०१५मध्ये आलं तेव्हा थोडी क्वालिटी कमी केलेले फोटो कितीही ठेवा, फुकट. लोकांनी सगळं आयुष्य तिथे नेऊन टाकलं आणि १ जून २०२१पासून नवीन फोटो १५ जीबीत मोजायला सुरुवात झाली. कंपनी आहे, पैसे मागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण लोकांना स्वतःची पानं फुकट बनवू देणारं जिओसिटीज २००९मध्ये बंद झालं, गूगलचं सोशल नेटवर्क गूगल प्लस २०१९मध्ये, आणि मायस्पेस या जुन्या सोशल नेटवर्कने २०१९मध्ये सांगितलं की सर्व्हर बदलताना लोकांनी जुन्या काळात टाकलेली गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. झालं, विषय संपला.

सगळ्यात जास्त मला हादरवलं ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाच्या केसने, न्यूयॉर्क टाइम्सने २०२२मध्ये छापली होती. लहान मुलगा आजारी, डॉक्टरांना दाखवायला फोटो काढला, तो क्लाउडवर गेला, गूगलच्या सिस्टिमने तो बाल-शोषणाचा धरला आणि खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून यात गुन्हा नाही असं म्हटलं तरी खातं परत मिळालं नाही. फोटो, मेल, फोन नंबर सगळं त्या एकाच खात्यावर होतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, ज्या फोटोची निदान एक प्रत तुमच्या हातात नाही, इंटरनेटशिवाय उघडेल अशी, तो फोटो आपल्याकडे आहे असं समजूच नका. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

---

सर्व्हरवाला

असहमत, जोरात असहमत. मी स्टोरेजच्याच कामात आहे त्यामुळे राहवत नाही.

तुम्ही ज्या केसेस दिल्या त्या खऱ्या आहेत पण त्या बातमी होण्याइतक्या दुर्मिळ आहेत. फोन पाण्यात पडला, हार्ड डिस्क टेबलावरून खाली पडली, घर बदलताना पेनड्राइव्ह हरवला, याची बातमी कुणी छापत नाही. मोठ्या सेवा फाइलचे तुकडे करतात, त्यात जास्तीची गणिती माहिती मिसळतात आणि ते वेगवेगळ्या डिस्कवर, बऱ्याचदा वेगवेगळ्या इमारतींत ठेवतात, दोनचार डिस्क एकदम मेल्या तरी उरलेल्या तुकड्यांवरून अख्खी फाइल परत तयार होते. ॲमेझॉनची एस३ ही फाइली साठवायची सेवा वर्षाला ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा धरून डिझाइन केलेली आहे. तुमच्या कपाटातल्या डिस्कचा आकडा काय? बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी दर वर्षी जाहीर करते, त्यात अलीकडे वर्षाला साधारण दीड टक्क्याच्या आसपास डिस्क बंद पडताना दिसतात, आणि त्या डिस्क थंड खोलीत, एका जागी, चोवीस तास देखरेखीखाली असतात. घरातली डिस्क आपटते, तापते, आणि मुख्य म्हणजे एकच असते.

एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) किंवा पेनड्राइव्हवर ठेवत असाल तर आणखी वाईट. तिथे डेटा म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार, वर्षानुवर्षं वीज दिली नाही तर तो हळूहळू गळतो. सामान्य माणसाला "हातात ठेवा" हा सल्ला देणं मला धोक्याचं वाटतं कारण तो माणूस क्लाउडचे पैसे भरायचं बंद करेल आणि एका स्वस्त डिस्कवर सगळं टाकून मोकळा होईल.

---

जुनाअल्बम

क्लाउड बंद करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. एक प्रत हातात पण असू द्या म्हटलंय, ते "पण" महत्त्वाचं.

आणि तुमच्या त्या एस३च्या आकड्यातले अकरा नऊ डिस्क मेल्याबद्दल आहेत, खातं बंद झाल्याबद्दल नाहीत. डिस्कवर फोटो अगदी सुखरूप आहे आणि मला तो बघता येत नाही, तर माझ्यासाठी तो गेलाच ना? गूगलचा नियम आहे की खातं दोन वर्षं वापरलं नाही तर डिलीट होऊ शकतं, डिसेंबर २०२३पासून हे सुरू झालं. गेलेल्या माणसाचं खातं कोण उघडून बसणार आहे?

बरं, इमारती वेगवेगळ्या असतातच असं पण नाही. मार्च २०२१मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, अख्खी एक इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांचं सगळं गेलं. सप्टेंबर २०२५मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, सरकारी कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्ह नावाच्या सरकारी क्लाउडवरचा ८५८ टेराबाइट डेटा गेला कारण एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर कुठे प्रतच ठेवली नव्हती. सरकारला जमलं नाही तिथे आपण आंधळा विश्वास ठेवायचा?

---

सर्व्हरवाला

स्ट्रासबुर्गमध्ये बऱ्याच ग्राहकांनी नुसता सर्व्हर भाड्याने घेतला होता, बॅकअप ही त्यांची जबाबदारी होती. फोटोंची सेवा आणि भाड्याचा सर्व्हर एकाच मापाने मोजू नका. कोरियाचं उदाहरण मात्र तुमच्यापेक्षा माझ्या बाजूचं आहे, तिथे एकाच जागी ठेवलं म्हणून गेलं, आणि घरातली डिस्क म्हणजे एकच जागा.

---

मोजकेच

तुम्ही दोघे पण साठवायचं कसं यावर भांडताय, साठवायचं कशाला हा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. एकाच केकचे चाळीस फोटो, पार्किंगच्या खांबाचा फोटो, स्क्रीनशॉट, गुड मॉर्निंग. हजारो फोटोंतून कुणीही कधीही काही बघत नाही, मुलं तर अजिबात बघणार नाहीत. वर्षाचे पन्नास चांगले निवडा, चांगल्या कागदावर प्रिंट काढा, बाकीचे गेले तर जाऊ द्यात. प्रिंटला पासवर्ड लागत नाही, चार्जर लागत नाही, खातं बंद होत नाही. शिवाय हे सगळं साठवायला वीज लागते, पाणी लागतं, तो विचार पण करायला हवा.

---

पानंपिवळी

मोजकेच, प्रिंटबद्दल शंभर टक्के सहमत पण निवडून बाकीचे जाऊ द्या याला माझा ठाम विरोध आहे. मी जुन्या फोटोंचं स्कॅनिंग करते, लोक आपल्या घरातले अल्बम घेऊन येतात, आणि मी कायम बघते की ज्या फोटोसाठी सगळे पोझ देऊन उभे आहेत त्यात कुणी फार थांबत नाही, थांबतात ते मागे काय दिसतंय त्यावर. भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातली शिवणयंत्राची जागा, कुणीतरी दारात अर्धवट उभं राहिलंय तो हात कुणाचा, आजीचा एकुलता एक हसतानाचा फोटो तर हललेला आणि फोकस गेलेला असतो, तो आज कुणी पहिल्या फेरीतच डिलीट केला असता. कुठला फोटो मोलाचा हे तेव्हा कळतच नाही, तीस वर्षांनी कळतं, आणि तेव्हा निवड करणारे आपण नसतो. पार्किंगचा खांब डिलीट करा, खुशाल करा, पण माणसांचे फोटो "चांगला नाही आला" म्हणून उडवू नका.

आणि प्रिंट सगळीच टिकते असं पण नाही. घरच्या प्रिंटरवर साध्या शाईने काढलेली प्रिंट उन्हात ठेवली तर फार लवकर उडते.

---

बिनचूक_बाइट

फॉरमॅटचं काय, म्हणजे फाइल ज्या पद्धतीने लिहिलीय ती पुढे वाचता येईल का? १९८६मध्ये बीबीसीने डोम्सडे प्रोजेक्ट केला होता, ब्रिटनभरच्या लोकांकडून फोटो आणि माहिती गोळा करून लेझर डिस्कवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी मशीनच मिळेनाशी झाली, खास प्रकल्प करून डेटा बाहेर काढावा लागला. आणि इंग्लंडमधल्या ज्या मूळ जमीन-नोंदवहीवरून, डोम्सडे बुकवरून, नाव घेतलं ती १०८६ सालची, चामड्यावर लिहिलेली, आजही वाचता येते. २०१५मध्ये विंट सर्फ यांनी, म्हणजे इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांपैकी एकाने, हाच इशारा दिला होता की आपला काळ पुढच्यांना वाचताच येणार नाही. क्लाउड काय नि डिस्क काय, दोन्ही फोल.

---

सर्व्हरवाला

हे उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं आणि प्रत्येक वेळी चुकीचा धडा घेतला जातो. ती डिस्क, तो प्लेयर, तो कॉम्प्युटर, सगळं एका प्रकल्पापुरतं खास होतं. जेपेग हा फोटोंचा नेहमीचा फॉरमॅट १९९२चं स्टँडर्ड आहे, तेव्हाची फाइल आज कुठल्याही फोनवर उघडते, कारण ते वापरणारे अब्जावधी आहेत आणि स्टँडर्ड सगळ्यांना खुलं आहे. कठीण जातं ते कमी लोक वापरतात असल्या फॉरमॅटचं. आयफोन फोटो एचईआयसी या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवतो, त्याची ज्यांना काळजी वाटते त्यांनी जेपेग करून एक प्रत ठेवावी, पण फोल वगैरे काही नाही.

---

खिडकीतून

एक गोष्ट राहिली, किल्ली, म्हणजे कुलूपबंद केलेला डेटा उघडणारा गुप्त कोड. ॲपलने २०२२च्या डिसेंबरमध्ये ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन आणलं, ते चालू केलं की फोटोंची किल्ली ॲपलकडे पण राहत नाही. मला हे मनापासून आवडतं, जुनाअल्बम म्हणतात ते दुसऱ्याचं कुलूप इथे खरोखर आपलं होतं. पण मग पासवर्ड विसरलात, रिकव्हरीचा मार्ग पण हरवलात, तर कंपनी इच्छा असूनही उघडून देऊ शकत नाही. घरात एकच माणूस हे सगळं सांभाळत असतो आणि तो गेला की बाकीचे दाराबाहेर. आपण नसताना आपल्या खात्यातलं आपण ठरवलेल्या माणसाला मिळावं यासाठी गूगलचं इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर २०१३पासून आहे, ॲपलचं लेगसी कॉन्टॅक्ट २०२१पासून आहे, सेटिंगमध्ये जाऊन एका माणसाचं नाव टाकायचं एवढंच काम, माझ्या ओळखीत जवळपास कुणीच केलेलं नाही. डिस्क की क्लाउड यावर रात्रभर वाद घालण्यापेक्षा हे आजच करा असं मला कळकळीने वाटतं.

---

जुनाअल्बम

खिडकीतून, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. डिस्कवाल्यांना पण लागू आहे, एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या डिस्कचा पासवर्ड घरात दुसऱ्या कुणाला तरी माहीत हवा.

ज्यांना गूगलमधून प्रत काढायचीय त्यांच्यासाठी, टेकआउट नावाची सोय आहे, सगळे फोटो झिपमध्ये मिळतात. पण फोटोची तारीख, ठिकाण, तुम्ही लिहिलेली ओळ यातलं बरंच काही फोटोसोबतच्या वेगळ्या जेसन (.json) नावाच्या मजकुराच्या फाइलीत येतं, त्या फाइली कचरा समजून उडवू नका, एक्झिफटूलसारख्या फुकट प्रोग्रामने ती माहिती परत फोटोत घालता येते. आयफोनवाल्यांनी स्टोरेज ऑप्टिमाइझ (फोनवरची जागा वाचवायची सेटिंग) चालू असेल तर फोनवरून कॉपी करू नये, फोनवर बऱ्याच फोटोंची फक्त लहान आवृत्ती असते, मूळ फोटो आयक्लाउडवरूनच उतरवून घ्या.

---

सर्व्हरवाला

आणि उतरवून झाल्यावर डिस्क कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका. रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर जोडलेली डिस्क पण जाते.

फोटोग्राफर लोकांत तीन-दोन-एक नावाचा नियम आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. त्यातली घराबाहेरची म्हणजे क्लाउड, हे तर जुनाअल्बम पण मान्य करतील. माझा वाद क्रमाचा आहे. ज्याला एकच गोष्ट झेपणार आहे त्याने पैसे भरून क्लाउड चालू ठेवावा, डिस्क नंतर.

---

जुनाअल्बम

आणि माझं म्हणणं उलट, क्लाउड तर त्याच्या फोनवर आधीच चालू आहे, नाही ती डिस्क. त्यामुळे एकच गोष्ट करायची असेल तर ती डिस्कच.

---

पानंपिवळी

डिस्क घ्या पण कपाटात ठेवून विसरू नका. वर्षातून एकदा जोडून वेगवेगळ्या वर्षांचे वीस-पंचवीस फोटो खरंच उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे झालं असं नाही, फाइल दिसते आणि उघडत नाही असं माझ्याकडे बरेचदा येतं. आणि उघडलेच आहेत तर फोटोत कोण कोण आहे ते लिहून ठेवा, स्कॅन करताना सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न तोच असतो आणि तिथे कुठलंच सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.