चित्रासाठी सॉफ्टवेअर: आधी काम ठरवायचं की आधी हात बसवायचा?

रेघोट्या (धागाकर्ता)
डिजिटल पेंटिंगसाठी काय घेऊ, असं कुणी विचारलं की बरेच जण फोटोशॉप सांगून मोकळे होतात. माझं म्हणणं, आधी काय काढणार ते ठरवा. फोटोशॉप 1990 साली आलं ते मुळात फोटोंवर काम करायला. चित्रं त्यात झकास होतात, पण 2013 पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. छंदापुरतं काढणाऱ्याने हा मीटर कशाला चालू ठेवायचा?

कॉमिक काढायचं असेल तर क्लिप स्टुडिओ पेंट. त्यातल्या वेक्टर लेयरवर (लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर; वेक्टर लेयरमध्ये रेघ ठिपक्यांऐवजी रेघ म्हणूनच साठते) एक रेघ दुसरीला ओलांडून पुढे गेली, तर बाहेर आलेलं शेपूट नुसता वेक्टर खोडरबर लावला की नेमकं छेदापर्यंत पुसलं जातं. केसांच्या बटा काढून बघा, मग कळेल मी का भाळलोय. खर्च नको असेल तर क्रिटा: फुकट, मुक्तस्रोत आणि रंगवण्यासाठीच बनवलेलं. कापडावरच्या नक्षीसाठी तर त्यात डब्ल्यू दाबायचं, डावीकडून बाहेर गेलेली रेघ उजवीकडून आत येते. सांधा दिसत नाही.

कोरडा_कुंचला
साफ असहमत. नवख्याला आपण काय काढणार हेच ठाऊक नसतं, आणि तुम्ही त्याला आधी तेच ठरवायला लावताय. मी अख्खं वर्ष तुलनेचे व्हिडिओ बघण्यात घालवलं. चित्रं किती झाली? चार. त्यातली दोन अर्धवट. लेयर, मास्क (लेयरचा काही भाग झाकायची सोय), ब्लेंडिंग मोड (वरच्या लेयरचा रंग खालच्यात कसा मिसळायचा ती रीत) सगळीकडे तेच असतात. सावलीसाठी खालचा रंग गडद करणारा मल्टिप्लाय मोड इथेही आणि तिथेही. हाताशी असेल ते उघडा आणि बसा.

शाईचा_डाग
दोघेही यंत्राबद्दल बोलतच नाही आहात. प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अ‍ॅप एकदा पैसे भरून मिळतं, पण चालतं फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर. विंडोज लॅपटॉपवाल्याने त्याची स्वप्नं बघून काय उपयोग? दुसरं म्हणजे मेमरी. ए३ कागद 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 3508 × 4961 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर पूर्ण भरलेला एक लेयर सुमारे 70 एमबी खातो. असे 40 लेयर म्हणजे 2.8 जीबी, आणि अनडूचा इतिहास वेगळाच. म्हणून प्रोक्रिएट कॅनव्हास मोठा घेतला की लेयरची संख्या कमी करून देतं. पोस्टर काढायला बसण्याआधी हे बघून घ्या, अर्ध्यात कळलं तर लेयर एकमेकांत मिसळत बसावं लागतं. मी बसलोय.

गेरू
@कोरडा_कुंचला, सगळीकडे तेच असतं हे मला पटत नाही. मी मूळची जलरंगवाली. पहिल्यांदा स्क्रीनवर निळ्यावर अर्धापारदर्शक पिवळा फिरवला आणि हिरव्याऐवजी राखाडी गाळ आला. वाटलं माझंच काही चुकलं. मग समजलं, तिथे रंग म्हणजे आकडे. निळा 0, 0, 255 आणि पिवळा 255, 255, 0. दोन्हींची सरासरी काढली की 128, 128, 128 च्या आसपासचा राखाडी. रिबेल प्रो नावाच्या पेंटिंग सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या रंगद्रव्यासारखं मिश्रण होतं, तिथे हिरवा येतो. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

कोरडा_कुंचला
अहो, पॅलेटमधून हिरवा उचलायचा की!

गेरू
उचलता येतो. पण निळ्याच्या कडेला अर्धवट मिसळलेली जी पट्टी उमटते, ती कुठून उचलू?

रेघोट्या (धागाकर्ता)
शाईचा_डाग यांचा मुद्दा मान्य, यंत्र आधी धरायला हवं होतं. कोरडा_कुंचला यांचंही अर्धं मान्य. फक्त "हाताशी असेल ते" यात एक गोम आहे. दुसऱ्याला लेयरसकट फाइल द्यायची वेळ आली की पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची फाइल, मागतात. क्रिटा पीएसडी उघडतं आणि साठवतंही, पण अ‍ॅडजस्टमेंट लेयर (खालच्या लेयरचे रंग-उजेड बदलणारा) किंवा लेयर स्टाइल (लेयरला दिलेली सावली, कड वगैरे) पलीकडे जशीच्या तशी उतरेल असं धरून चालू नका. एक चाचणी फाइल आधी पाठवून बघा. बाकी, एकच सफरचंद दोन सॉफ्टवेअरमध्ये रंगवायचं, प्रत्येकी एक संध्याकाळ. एवढी तुलना तरी चालेल ना?

कोरडा_कुंचला
चालेल. सफरचंदं दोन झाली म्हणजे चित्रंही दोन झाली. पण 40 लेयर कुणाला लागतात हो? माझं पाचात भागतं.